आंकड्यांचें इमान

आंकड्यासारखा निःपक्षपाती साक्षीदार नाहीं, अशी सुशिक्षित माणसाची सर्वसाधारण समजूत असते. माणूस भावनेच्या भरांत वाहून जातो, वृत्तपत्र मथळ्याच्या मोहांत सांपडतें, वकील पक्षकाराचें मीठ खातो. आंकडा मात्र कोणाचेंहि मीठ खात नाहीं, असें आपण समजतों. ही समजूत अर्धीच खरी आहे. आंकडा स्वतः खोटें बोलत नाहीं; परंतु तो स्वतः होऊन कांहीं बोलतहि नाहीं. कोणी तरी प्रश्न विचारतो, कोणी तरी उत्तर लिहून घेतो आणि कोणी तरी त्याची बेरीज लोकांपुढें मांडतो. ह्या तिघांची सचोटी जेवढी, तेवढीच त्या आंकड्याची सचोटी. ही गोष्ट किती गंभीर आहे, हें बीड जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या पायथ्याशीं पसरलेला हा मराठवाड्यांतील जिल्हा पावसाच्या बाबतींत दुर्दैवी. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडावर घरीं परततात. ह्या धंद्याचे स्वतःचे शब्द आहेत. हंगामापूर्वीं मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. कामावर न गेलेला दिवस तो ‘खाडा’, आणि खाड्याबद्दल मजुरींतून दंड कापला जातो. फडांत एकत्र राबणारें नवरा-बायकोचें जोडपें म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाच्या वहींत माणसें मोजलीं जात नाहींत, कोयते मोजले जातात. नवरा अर्धा कोयता आणि बायको अर्धा कोयता.

२०१९ सालीं वृत्तपत्रांतून अशी वार्ता प्रसिद्ध झाली कीं, ह्या ऊसतोड स्त्रियांपैकीं पुष्कळ जणींचीं गर्भाशयें ऐन तारुण्यांत शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यांत आलीं आहेत. पाळीच्या दुखण्यापायीं खाडा पडूं नये म्हणून, अंगावरून जाण्याचा त्रास एकदांचा मिटावा म्हणून, कर्करोगाची भीति घातली गेली म्हणून, अशीं निरनिराळीं कारणें सांगण्यांत आलीं. राज्यांत आणि राज्याबाहेरहि खळबळ उडाली. विधिमंडळांत प्रश्न निघाले, आणि विधानपरिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें चौकशी समिति नेमली. ह्या एकाच दुःखाविषयीं त्या सुमारास तीन निरनिराळे आंकडे लोकांपुढें आले.

पहिला आंकडा स्त्रियांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पाहणींतला. त्यांनीं २०१८ सालीं बीड जिल्ह्यांतील २०० ऊसतोड स्त्रियांना विचारलें, तेव्हां शेंकडा ३६ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दुसरा आंकडा विधिमंडळांत सांगितला गेला: २०१६-१७ ते २०१८-१९ ह्या तीन वर्षांत जिल्ह्यांतील ९९ खाजगी रुग्णालयांत मिळून अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. तिसरा आंकडा समितीच्या पाहणीचा: ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें होतें, म्हणजे शेंकडा सुमारें १७. ह्या तिघांच्या शेजारीं तुलनेसाठीं आणखी एक आंकडा ठेवला जाई. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण देशांत शेंकडा ३.२ आणि महाराष्ट्रांत २.६ होतें.

छत्तीस खरे, कीं सतरा खरे, कीं चार हजार सहाशें पांच खरे? असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनांत उभा राहतो, आणि उत्तर न मिळाल्यास ‘आंकड्यांवर विश्वास ठेवण्यांत अर्थ नाहीं’ असें म्हणून तो मोकळा होतो. परंतु हे आंकडे एकाच प्रश्नाचीं तीन उत्तरें नव्हेत. तीं तीन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. दोनशें स्त्रियांची पाहणी हा नमुना आहे. त्या दोनशें जणी कोणत्या गांवांतून व कशा निवडल्या, हें पाहिल्यावांचून तेंच प्रमाण साऱ्या जिल्ह्याला लावतां येत नाहीं. जेथें दुखणें आधींच ऐकूं आलेलें असतें, तेथेंच कार्यकर्ता प्रथम जातो. हा त्याचा दोष नसून गुण आहे. मात्र अशा गांवांतील प्रमाण साऱ्या मुलखाचें म्हणून सांगणें हा दोष होय. रुग्णालयांचा आंकडा शस्त्रक्रियांचा आहे, स्त्रियांच्या पूर्वायुष्याचा नव्हे. त्यांत केवळ तीन वर्षें आहेत, ऊस न तोडणाऱ्या स्त्रियाहि आहेत, आणि शेजारच्या जिल्ह्यांत जाऊन शस्त्रक्रिया करून घेतलेली बाई मात्र त्यांत नाहीं. समितीची पाहणी सर्वांत मोठी. तरी तींतील बायका तरुणपणापासून उतारवयापर्यंतच्या असूं शकतात, आणि राष्ट्रीय पाहणींतील २.६ हें प्रमाण पंधरा वर्षांच्या मुलीपासून सुरू होतें. वयाप्रमाणें वर्गवारी केल्याखेरीज सतरांना २.६ नीं भागून ‘सहापट’ म्हणणें घाईचें ठरतें.

ह्या सावधगिरीचा एक दुरुपयोगहि होऊं शकतो. जबाबदारी टाळूं पाहणारा मनुष्य असल्या शंकांची ढाल करतो. नमुना लहान आहे, व्याख्या अस्पष्ट आहे, तुलना बरोबर नाहीं, असें म्हणत तो मूळ दुःखच नाकारतो. प्रामाणिक शंका आणि सोयीची शंका ह्यांत भेद करावयास एक साधी कसोटी आहे. प्रामाणिक शंका घेणारा मनुष्य पुढचा आंकडा मागतो. सोयीची शंका घेणारा चौकशी तेथेंच थांबवतो. वयाच्या फरकानें सतरा आणि २.६ ह्यांमधील अंतर कांहीं अंशीं कमी होईल. परंतु तें कितपत कमी होतें, हें वयोगट मांडून दाखविण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यावरहि पडते. शिवाय कोणतीहि वर्गवारी केली तरी १३,८६१ स्त्रिया तेवढ्याच राहतात. प्रमाणाविषयीं वाद होऊं शकेल. त्या बायकांच्या अस्तित्वाविषयीं वाद होऊं शकत नाहीं.

आतां प्रश्न विचारणाऱ्याकडे वळूं. खेड्यांतील बाईला ‘गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय’ असें पुस्तकी भाषेंत विचारलें, तर ती गोंधळण्याचा संभव असतो. ‘ऑपरेशन झालें आहे काय’ असें विचारलें, तर बहुधा ती ‘हो’ म्हणते. पण तिच्या बोलींत ‘ऑपरेशन’ म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. ‘पिशवी काढली आहे काय’ असें विचारलें, म्हणजे मग खरें उत्तर मिळतें. एका शब्दाच्या निवडीनें शेंकडों बायका एका रकान्यांतून दुसऱ्या रकान्यांत जाऊं शकतात, आणि त्यांत कोणी लबाडी केलेली नसते! तसेंच, प्रश्न विचारतांना जवळ नवरा उभा आहे कीं मुकादम, विचारणारी स्त्री आहे कीं पुरुष, ह्यावरहि उत्तर पालटतें. ज्या बाईच्या कुटुंबानें पुढच्या हंगामाची उचल घेतलेली आहे, ती मुकादमासमोर दंडाविषयीं काय सांगणार? म्हणून विश्वसनीय आंकड्याची पहिली नीति गणितांत नसून वागणुकींत आहे. उत्तर देणाऱ्याला समजेल अशा भाषेंत, त्याला भीति वाटणार नाहीं अशा ठिकाणीं, आणि खरें सांगितल्यानें त्याचें नुकसान होणार नाहीं अशा हमीवर प्रश्न विचारला पाहिजे.

ही हमी कायद्यानेंहि ओळखली आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें प्रगणकानें लिहून घेतलेली माहिती कोणाला पाहावयास मिळत नाहीं, आणि ती सामान्यतः न्यायालयांत पुरावा म्हणून वापरतांहि येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें जानेवारी २०१४ मध्यें सरकारी सांख्यिकीचीं जीं दहा मूलभूत तत्त्वें मान्य केलीं व भारतानें २०१६ सालीं स्वीकारलीं, त्यांतहि व्यक्तीची माहिती गुप्त राखण्यास मानाचें स्थान आहे. त्याच तत्त्वांत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. आंकड्यांचा कोणी चुकीचा अर्थ लावला किंवा गैरवापर केला, तर त्यावर बोलण्याचा अधिकार सांख्यिकी खात्याला आहे. म्हणजे आंकडा बाहेर पडला कीं त्याच्या जनकाचें काम संपलें, असें नाहीं. मुलगी सासरीं गेल्यावरहि बापानें तिची खबर ठेवावी, तशी ही जबाबदारी आहे.

परंतु केवळ हेतु शुद्ध असून भागत नाहीं. बीडसारख्या दुष्काळी मुलखाला ह्याचा अनुभव आणेवारीच्या निमित्तानें पिढ्यान् पिढ्या आलेला आहे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, असें मानून गांवच्या पिकाचा अंदाज आण्यांत सांगण्याची ही रीत. दशमान नाणीं आल्यावर तिचीच पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या खालीं पीक उतरलें म्हणजे टंचाईच्या सवलतींचें दार उघडूं लागलें. अशा वेळीं अठ्ठेचाळीस आणि बावन्न ह्यांतील चार पैशांना केवढें महत्त्व येतें! गांवाला वाटे आंकडा खालीं यावा, तिजोरीला वाटे तो वर राहावा. आणि बांधावर उभें राहून नजरेनें अंदाज करणारा मनुष्य दोहोंच्या कात्रींत सांपडे. ज्या आंकड्यावर कोणाची तरी भाकर किंवा कोणाची तरी बढती टांगलेली असते, तो आंकडा केवळ नजरेच्या भरंवशावर सोडणें हें नजर लावणाऱ्यावरहि अन्यायाचें आहे.

नजरेऐवजीं प्रत्यक्ष कापणी करून, मळून, तोलून पीक मोजण्याच्या शास्त्रांत एका महाराष्ट्रीयाचें नांव आदरानें घेतलें जातें. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गृहस्थ. शेतांत कोठेंहि चिठ्ठी टाकून एक लहानसा तुकडा निवडावा, तेवढाच कापावा, आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढावें, ही पद्धति त्या वेळीं सुरू झाली होती. सुखात्मे ह्यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज सतत फुगतो. कारण मोठें साधें होतें. तुकड्याच्या हद्दीवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात नकळत तें आंत ओढतो. तुकडा लहान असला कीं क्षेत्राच्या मानानें हद्द मोठी होते आणि चूकहि वाढते. येथें कोणी लांच घेतली नव्हती, कोणी खोटें लिहिलें नव्हतें. तरी चूक नेहमीं एकाच दिशेला झुकत होती. ती शोधणें, सांगणें आणि तुकड्याचा आकार बदलणें ही सुद्धां सचोटीच होय. सांख्यिकींत प्रामाणिकपणा म्हणजे केवळ खोटें न बोलणें नव्हे. आपली चूक कोणत्या बाजूला झुकते आहे, ह्याची सदैव झडती घेणें होय.

अशीच झडती बीडच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध आंकड्याची घेण्यासारखी आहे. २००१ च्या जनगणनेंत जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ८९४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आंकडे आले तेव्हां ही संख्या ८०१ झाली होती. अंतिम आंकड्यांत ती ८०७ ठरली, आणि तरीहि ती राज्यांत सर्वांत कमी होती. आठशें एकाचे आठशें सात झाले, ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ‘तात्पुरता’ म्हणून सांगितलेला आंकडा पुढें उघडपणें दुरुस्त होणें हें विश्वासाचें लक्षण आहे. आतां कोणी विचारील कीं, दोन्ही जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीस झाल्या. तेव्हां तर ऊसतोडीचा हंगाम ऐन भरांत असतो, आणि ह्या काळांत गांवाबाहेरच असलेल्या कुटुंबांची मोजणी ज्या ठिकाणीं तीं असतील तेथें होते. मग त्यांचीं लहान मुलें जिल्ह्याच्या हिशेबांतून निसटलीं नसतील काय? शंका रास्त आहे. परंतु ती दोन्ही वेळां सारखीच लागू होते. ८९४ वरून ८०७ पर्यंतची घसरण तिनें उलगडत नाहीं. शंका शेवटपर्यंत नेली म्हणजे कधीं कधीं ती आंकड्याला पाडण्याऐवजीं बळकटच करते.

ह्या आंकड्याचा अर्थ काय, हें पुढच्याच वर्षीं सर्वांना दिसलें. २०१२ सालीं परळी येथील एका खाजगी रुग्णालयांत गर्भपाताच्या वेळीं एका स्त्रीचा मृत्यु झाला, आणि त्या प्रकरणांत न्यायालयानें २०१९ सालीं डॉक्टर दांपत्यास १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. जनगणनेचा आंकडा त्या मृत्यूच्या आधीं बोलला होता. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा तपशील ‘एफ’ नमुन्यांत भरून ठेवण्याची सक्ति गर्भलिंगनिदानास बंदी करणाऱ्या कायद्याखालीं होतीच. नमुने भरले जात होते आणि मुली कमी होत होत्या! कागद पूर्ण असणें आणि माहिती खरी असणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांतून घ्यावयाचा. जेव्हां एखाद्या संख्येवर अधिकाऱ्याची शाबासकी किंवा दवाखान्याचा परवाना अवलंबूं लागतो, तेव्हां वस्तुस्थिति सुधारण्यापेक्षां संख्या सुधारणें सोपें वाटूं लागतें. तेथें तपासणाऱ्यानें त्या संख्येकडे दुसऱ्या खिडकींतून पाहिलें पाहिजे. जन्मनोंदणीचा आंकडा लसीकरणाच्या वहीशीं, आणि ती वही शाळेच्या पटाशीं ताडून पाहिली पाहिजे. तीन स्वतंत्र वह्या एकाच वेळीं एकच खोटें बोलणें कठीण असतें.

शस्त्रक्रियांच्या बाबतींतहि हाच नियम लागू पडतो. २०१९ च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यांत खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचें बंधन घालण्यांत आलें. उपाय योग्य होता. परंतु असा नियम झाल्यावर नोंदलेल्या शस्त्रक्रियांची संख्या उतरली, तर सांख्यिकानें लगेच समाधान मानूं नये. शस्त्रक्रिया खरोखर कमी झाल्या, कीं बायका जिल्ह्याची सीमा ओलांडून गेल्या, कीं नोंदीच आटल्या, हें तीन वेगळे संभव आहेत. ह्यांतील पहिला खरा असेल, तर उरलेले दोन तपासल्यानें त्याची शोभा कमी होत नाहीं. तो खरा नसेल, तर तपास न करणें म्हणजे त्याच बायकांची दुसऱ्यांदा फसवणूक होय.

हें सारें पाहतां सुशिक्षित घरांतील वाचकाचेंहि कांहीं कर्तव्य उरतें. वृत्तपत्रांत शेंकडेवारी दिसली म्हणजे त्यानें चार प्रश्न विचारावे. शंभर कोणाचे? विचारलें कोणीं? कोणत्या शब्दांत? आणि हा आंकडा मोठा किंवा लहान ठरण्यांत विचारणाऱ्याचा कांहीं लाभ आहे काय? हे प्रश्न अविश्वासाचे नाहींत. किराणा दुकानांत तराजूचा कांटा पाहून घेणारा गिऱ्हाईक वाण्याला चोर म्हणत नसतो. उलट, गिऱ्हाईक कांटा पाहतें म्हणूनच वजनें शुद्ध राहतात. आंकडे तयार करणाऱ्यांनींहि आपला कांटा झांकून ठेवूं नये. कोणास मोजलें हें जसें त्यांनीं सांगावें, तसेंच कोणास मोजतां आलें नाहीं हेंहि सांगावें. अंदाज असेल तर अंदाज म्हणावें, आणि नावडता आंकडा आवडत्या आंकड्याइतक्याच तत्परतेनें प्रसिद्ध करावा.

मुकादमाच्या वहींत ती बाई अर्धा कोयता होती. रुग्णालयाच्या वहींत ती एक शस्त्रक्रिया होती. समितीच्या पाहणींत कोणी तरी तिच्यापुढें बसून तिला विचारलें, तेव्हां ब्याऐंशी हजार तीनशें नऊ जणींत ती प्रथमच एक सबंध माणूस म्हणून मोजली गेली. त्या एका रेघेशीं इमान राखणें, ती कोणाच्या सोयीसाठीं वाढूं न देणें आणि कोणाच्या भीतीनें पुसूं न देणें, हीच आंकड्यांची नीति होय.